भारताची भूतानला मदत कशी बदलत गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थसंकल्प मांडला गेला की परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदींत भूतानचं नाव सगळ्यात वर दिसतं आणि दरवर्षी तेच प्रश्न नव्याने सुरू होतात. एवढ्याशा देशाला एवढे पैसे का? ते परत मिळतात का? आपण किती दिवस देत राहणार? हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं एका वर्षाच्या आकड्यात सापडत नाहीत. त्यासाठी साठ-पासष्ट वर्षं मागे जावं लागतं. माझं स्वतःचं मत आधीच सांगते: मदत वाढली की घटली याहून ती कोणत्या रूपात दिली आणि तिचं काय करायचं हे कोणी ठरवलं, हे प्रश्न मोठे आहेत.

भारताची सर्वात जास्त मदत खरंच भूतानला जाते का?

हो, आणि वर्षानुवर्षं जाते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी सुमारे २,०६८ कोटी रुपये ठेवले होते, २०२५-२६ मध्ये २,१५० कोटी. त्याच वर्षी नेपाळसाठी ७०० कोटी होते, आणि नेपाळची लोकसंख्या तीन कोटींच्या घरात आहे. भूतानची आठ लाखांच्या आसपास.

या रकमेत अनुदानही असतं आणि कर्जही. अनुदान परत मागायचं नसतं, कर्ज व्याजासकट परत येतं. बातमीत मात्र दोन्ही एकत्र करून ‘मदत’ असा एकच शब्द येतो, आणि बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो.

ही मदत सुरू कधी झाली?

पैसे देण्याची प्रथा स्वातंत्र्याच्याही आधीची आहे, पण ती मदत नव्हती. १८६५ च्या सिंचुला करारात इंग्रजांनी भूतानकडून डोंगरपायथ्याचा दुआर हा सुपीक पट्टा घेतला आणि त्याबदल्यात वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत रक्कम द्यायचं कबूल केलं. १९१० मध्ये ती एक लाख झाली. १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने भूतानशी करार केला तेव्हा ती पाच लाख केली आणि देवानगिरीचा भागही परत दिला. हा घेतलेल्या जमिनीचा मोबदला होता. त्याला मदत म्हणणं भूतानवर अन्याय करणारं आहे.

विकासासाठीच्या मदतीची सुरुवात १९५८ ची धरावी. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पंडित नेहरू भूतानला गेले, सोबत इंदिरा गांधी होत्या. तेव्हा भारतातून भूतानच्या आत जाणारा गाडीरस्ताच नव्हता. त्यामुळे पंतप्रधानांचा ताफा सिक्कीममधून नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरला आणि घोड्यांवरून, याकवरून, चढ आला की पायी, असा मजल दरमजल करत पारोला पोहोचला. एका शेजारी देशातून दुसऱ्यात जायला तिसऱ्याच्या हद्दीतून जावं लागत होतं! तिथल्या जाहीर सभेत नेहरूंनी सांगितलं की भूतानने स्वतंत्र राहावं, आपला मार्ग आपण निवडावा, अशीच भारताची इच्छा आहे.

पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला, दलाई लामा भारतात आले. १९६० मध्ये भूतानने तिबेटकडची सीमा व्यापारासाठी बंद केली. शतकानुशतकं उत्तरेकडे चालणारा मीठ, लोकर, तांदळाचा व्यवहार थांबला आणि देशाने तोंड दक्षिणेकडे वळवलं. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी हा निर्णय पूर्ण विचाराने घेतला होता. पुढे आलेली मदत या निर्णयाच्या पाठोपाठ आली, हे लक्षात ठेवायला हवं.

पहिल्या योजनेचा पैसा कशावर खर्च झाला?

रस्त्यांवर. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ ते १९६६ ची. तिचा खर्च सुमारे १०.७ कोटी रुपये, आणि तो सगळा भारताने दिला. निम्म्याहून अधिक रक्कम रस्ते बांधण्यात गेली. दुसरी योजना साधारण २० कोटींची होती, तीही भारताच्याच पैशावर चालली.

सीमेवरच्या फुंत्शोलिंगपासून थिंपूपर्यंतचा पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता हे त्या काळातलं सर्वात मोठं काम. आधी खेचरांच्या वाटेने हे अंतर कापायला जवळपास आठवडा लागायचा, नंतर ते काही तासांवर आलं. भूतानी घरांतली माणसं आळीपाळीने श्रमाला जात होती, भारतातून अभियंते आणि मजूर येत होते. शाळेची पाटी, औषधाची पेटी, सिमेंटचं पोतं यांतलं काहीही डोंगरात न्यायचं तर आधी रस्ता हवा. म्हणून पहिली दहा वर्षं बाकीच्या खात्यांच्या वाट्याला थोडंच आलं. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

‘दंतक’ म्हणजे नेमकं काय?

भारताच्या सीमा रस्ते संघटनेचा भूतानमधला प्रकल्प. २४ एप्रिल १९६१ रोजी तो स्थापन झाला. फुंत्शोलिंगहून वर जाताना रस्त्याकडेच्या पाट्यांवर हे नाव सतत दिसतं. थिंपू-त्राशीगांग महामार्ग, पारोचा विमानतळ, पूर्वेकडची योनफुला धावपट्टी, कांगलुंगचं शेरुब्त्से महाविद्यालय ही सगळी दंतकची कामं.

त्या डोंगरात सुरुंग लावताना, दरडी कोसळून, आजारपणात दंतकच्या बाराशेहून अधिक माणसांनी जीव गमावला. थिंपूजवळ सिमतोखा इथे त्यांचं स्मारक आहे. अर्थसंकल्पाच्या कोणत्याही रकान्यात हा आकडा येत नाही, आणि मदतीचा हिशेब मांडताना तो वगळला जातो याची मला खंत वाटते.

पैशाशिवाय आणखी काय गेलं?

माणसं गेली. साठ-सत्तरच्या दशकांत भूतानच्या नव्या शाळांत भारतीय शिक्षक शिकवत होते, त्यांत केरळचे पुष्कळ. डॉक्टर, ओव्हरसियर, हिशेबनीस, सर्वेक्षण करणारे, सगळे बाहेरून यावे लागत होते, कारण देशात आधुनिक शिक्षण घेतलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. योजनेचे कागदही सुरुवातीला दिल्लीच्या साच्यातच तयार व्हायचे.

दोन पिढ्यांत चित्र पालटलं. त्या शाळांतून शिकलेली मुलं भारतात महाविद्यालयात गेली, परत येऊन खाती सांभाळू लागली. आज भूतानचं नियोजन भूतानी अधिकारी करतात, वाटाघाटींना तेच बसतात आणि गरज पडली तर ‘या अटी आम्हाला जमत नाहीत’ असं स्पष्ट सांगतात. हा बदल पैशात मोजता येत नाही, पण साठ वर्षांतला सर्वात मोठा बदल तोच आहे.

जलविद्युत प्रकल्पांकडे मोर्चा कधी वळला?

१९७४ मध्ये चुखा प्रकल्पाचा करार झाला. त्याच वर्षी भूतानने न्गुल्ट्रम हे स्वतःचं चलन आणलं आणि त्याचं मूल्य रुपयाच्या बरोबरीने बांधलं. ते आजही तसंच आहे.

वांगछू नदीवरचा चुखा ३३६ मेगावॅटचा. १९८६ ते ८८ दरम्यान त्याचे संच एकेक करून सुरू झाले. खर्च सुमारे २४६ कोटी, त्यातले ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. तयार होणारी वीज आधी भूतानने वापरायची आणि उरलेली भारताने विकत घ्यायची. १९९१ मध्ये प्रकल्प भूतानच्या ताब्यात गेला.

चुखामुळे व्यवहाराची घडीच बदलली. तोवर भूतानला दरवर्षी काय मिळणार हे दिल्लीत ठरायचं. आता देशाकडे विकायला स्वतःची वस्तू होती. शाळा, दवाखाने चालवायला लागणारा रोजचा खर्च विजेच्या बिलातून निघू लागला. भारताच्या मदतीतलं सगळ्यात यशस्वी काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता चुखाचं नाव घेईन.

मग पुढे अनुदान घटून कर्ज का वाढलं?

हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

चुखामध्ये अनुदान ६०, कर्ज ४० आणि व्याज ५ टक्के होतं. २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या १,०२० मेगावॅटच्या ताला प्रकल्पात प्रमाण तेच राहिलं, पण व्याज ९ टक्क्यांवर गेलं. १,२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ साठी प्रमाण उलटलं: अनुदान ४०, कर्ज ६०, व्याज १० टक्के. पुनात्सांगछू-२ आणि मांगदेछू यांना अनुदान फक्त ३० टक्के, कर्ज ७० टक्के आणि व्याज १० टक्के.

याची कारणं अनेक. प्रकल्प मोठे झाले, त्यामुळे तेवढं अनुदान देणं भारतालाही जड जाऊ लागलं. दुसरं म्हणजे भूतान सुस्थितीत येत होता. वीज विकून पैसा येतोय तर त्यातून कर्ज फेडता येईल, असा हिशेब मांडला गेला. आणि तिसरं कारण महत्त्वाकांक्षेचं: जलविद्युत सहकार्याच्या २००६ च्या करारानंतर २००९ मध्ये असं ठरलं की २०२० पर्यंत भूतानमध्ये १० हजार मेगावॅट क्षमता उभी करायची. एवढी मोठी उडी अनुदानावर मारता येणं शक्यच नव्हतं.

कागदावर हे पटण्यासारखं आहे. पण व्याजाचा फरक साध्या हिशेबाने बघा. हजार कोटींच्या कर्जावर ५ टक्क्यांनी वर्षाला ५० कोटी व्याज होतं, १० टक्क्यांनी १०० कोटी. प्रकल्प वेळेवर झाला तर वीज विकून ते भागतं. तो पाच वर्षं रखडला तर एक युनिटही न विकता व्याज चढत जातं. आणि जलविद्युत प्रकल्प हिमालयात वेळेवर होतील हे गृहीत धरणं, ही त्या हिशेबातली खरी चूक होती. १० हजार मेगावॅटचं उद्दिष्ट २०२० मध्ये कुठेच दिसत नव्हतं.

पुनात्सांगछूमध्ये काय झालं?

पुनात्सांगछू-१ चं काम २००८ मध्ये सुरू झालं. नदी वळवली, धरणाचा पाया खणायला घेतला. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर खचायला लागला. तो स्थिर करण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट झाली: माती काढणं, सिमेंट भरणं, लोखंडी दोरखंडांनी खडक बांधणं. तरीही तो पुन्हा पुन्हा हलला. वीजगृहाची कामं बरीच पुढे गेली होती, पण पाणी अडवणारं धरणच नव्हतं. सुरुवातीचा ३,५१४ कोटींचा खर्च सुधारित अंदाजात ९,३७५ कोटींवर गेला.

खालच्या बाजूच्या पुनात्सांगछू-२ मध्ये २०१६ साली भूमिगत दालनाचा भाग कोसळला आणि तोही लांबला. मात्र तो अखेर पुरा झाला. १७० मेगावॅटचे सहा संच २०२५ मध्ये पूर्णपणे चालू झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी थिंपूत त्याचं उद्घाटन केलं.

मांगदेछूचा अनुभव याउलट चांगला आहे. ७२० मेगावॅटचा हा प्रकल्प ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या अभियांत्रिकीला लंडनच्या संस्थेचं ब्रुनेल पदक मिळालं आणि २०२२ च्या अखेरीस तो भूतानकडे सोपवला गेला. म्हणजे जवळपास सारख्या अटींवर, साधारण एकाच काळात घेतलेल्या कर्जांपैकी एक सुरळीत फिटतंय आणि दुसरं गळ्याशी आलं. फरक पडला तो डोंगराच्या पोटातल्या खडकामुळे.

म्हणजे भूतान कर्जात बुडाला आहे का?

नुसता आकडा पाहिला तर तसं वाटेल. देशाचं बाहेरचं कर्ज कित्येक वर्षं त्याच्या वार्षिक सकल उत्पादनाहून अधिक होतं, आणि त्यातला मोठा वाटा भारताकडून घेतलेल्या जलविद्युत कर्जाचा.

पण हे कर्ज इतर कर्जांसारखं नाही. ते रुपयांत आहे, त्यामुळे डॉलर महागल्याचा फटका बसत नाही. विजेचा दर ठरवताना प्रकल्पाचा खर्च आणि व्याज त्यात धरलं जातं. मांगदेछूची वीज २०१९ मध्ये ४ रुपये १२ पैसे युनिट दराने भारत घेऊ लागला ती याच सूत्राने, तर जुन्या चुखाचा दर २०१७ पासून २ रुपये ५५ पैसे होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की अनुदानाचा वाटा घटला तर काय होतं ते दिसतं: वीज महाग होते आणि ते ओझं शेवटी वीज घेणाऱ्यावरही पडतं. जे आज अनुदानात वाचवलं, त्यातलं काही उद्या दरात द्यावं लागतं.

धोका दुसरीकडे आहे. हे प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, मोठे साठे नाहीत. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात नद्या आटतात. अलीकडच्या हिवाळ्यांत भूतानला भारताकडून वीज विकत घ्यावी लागते. वीज विकणाऱ्या देशाची ही अवस्था भूतानी लोकांना बोचते आणि ते साहजिक आहे.

रुपयांची टंचाई कशामुळे झाली होती?

२०११-१२ मध्ये भूतानकडे डॉलर होते पण रुपये संपत आले. प्रकल्पांसाठी रुपयांत पैसा येत होता, बँका सढळ हाताने कर्ज देत होत्या, लोक गाड्या आणि घरं घेत होते आणि जवळजवळ सगळा माल भारतातून येत होता. सिमेंट भारताचं, सळया भारताच्या, गाड्या भारताच्या, मजूरही भारताचे. आलेला रुपया हातात टिकेना. शेवटी डॉलर विकून रुपये घ्यावे लागले, गाड्यांची आयात थांबवली गेली.

मदतीबद्दल बोलताना हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. दिलेल्या पैशातला मोठा भाग कंत्राटं, यंत्रं आणि पगार यांच्या रूपाने देणाऱ्याकडेच परत जातो. मोठ्या प्रकल्पांची बहुतेक कामं भारतीय कंपन्यांना मिळाली. भूतानी ठेकेदारांची, अभियंत्यांची तक्रार हीच होती की काम आमच्या डोंगरात, आणि अनुभव मात्र दुसऱ्याच्या पदरात.

२०१३ चं गॅस प्रकरण काय होतं?

जुलै २०१३ मध्ये, भूतानमधल्या संसदीय निवडणुकीच्या अखेरच्या फेरीला दोन आठवडे उरले असताना, स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरचं भारताचं अनुदान थांबलं. सिलिंडर एकदम महागले. योजनेचा काळ ३० जूनला संपला, नव्या योजनेची बोलणी बाकी होती, म्हणून असं झालं, असं कारण दिलं गेलं. पण त्याआधी भूतानच्या सरकारने चीनशी जवळीक वाढवल्याची चर्चा होती. त्यामुळे लोकांनी दोन्हींची सांगड घातली. सत्ताधारी पक्ष हरला, त्शेरिंग तोबगे पंतप्रधान झाले आणि अनुदान महिन्याभरात पुन्हा सुरू झालं.

हेतू काहीही असो, तो निर्णय चुकीचा होता असं माझं ठाम मत आहे. पन्नास वर्षं रस्ते बांधून कमावलेला विश्वास एका सिलिंडरच्या किमतीने डळमळतो. चूल पेटवताना दर वेळी शेजाऱ्याच्या मर्जीची आठवण व्हावी, ही वेळ कोणत्याही घरावर येऊ नये.

आता मदत कशी दिली जाते? तेरावी योजना म्हणजे काय?

भूतानची योजना पाच वर्षांची, म्हणून भारताची कबुलीही पाच वर्षांची. अकराव्या योजनेसाठी (२०१३-१८) ४,५०० कोटी आणि अर्थव्यवस्थेला उभारी देण्यासाठी वेगळे ५०० कोटी. बाराव्या योजनेसाठी पुन्हा ४,५०० कोटी आणि व्यापारासाठी ४०० कोटी. तेराव्या योजनेसाठी (२०२४-२९) एकदम १० हजार कोटी, त्यात १,५०० कोटी कोविडनंतर थंडावलेली अर्थव्यवस्था सावरण्यासाठी.

बाराव्या योजनेतली वाटणी पाहिली तर पद्धत कळते. २,८०० कोटी ठरलेल्या मोठ्या प्रकल्पांना, म्हणजे रस्ते, रुग्णालयं, शाळा यांना. ८५० कोटी गावपातळीवरच्या छोट्या कामांना: पाण्याची योजना, शेतरस्ता, सिंचनाचा पाट. आणि ८५० कोटी थेट भूतान सरकारच्या तिजोरीत, त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे वापरण्यासाठी. छोट्या कामांची निवड तिथलं स्थानिक प्रशासन करतं. ही छोटी कामं बातम्यांत येत नाहीत, पण वरच्या वाडीत नळ आला की तिथल्या बाईची दिवसाची दोन-तीन फेरी पाण्याची वाचते. माझ्या दृष्टीने या पैशाला तोड नाही.

आणखी एक आकडा. बाराव्या योजनेचा एकूण आराखडा सुमारे ३१ हजार कोटी न्गुल्ट्रमचा होता, म्हणजे भारताचा वाटा सातव्या हिश्श्याच्या आसपास आला. पहिल्या योजनेत तो पूर्ण होता. रुपये कितीतरी पटींनी वाढले, पण देशाच्या खर्चातला त्यांचा हिस्सा घटला.

भूतान फक्त भारताकडूनच मदत घेतो का?

नाही. १९६२ मध्ये तो कोलंबो योजनेत आला, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत. जपानने शेतीत, स्वित्झर्लंड आणि डेन्मार्कने वनं, शिक्षण, प्रशासन यांत दीर्घकाळ काम केलं. जपानी कृषितज्ज्ञ केइजी निशिओका १९६४ मध्ये आले आणि १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राबले. परदेशी असूनही त्यांना ‘दाशो’ हा भूतानचा मानाचा किताब मिळाला. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकही आहेत.

यातून भारताला काय मिळतं?

वीज मिळते आणि उत्तर सीमेवर विश्वासू शेजारी मिळतो. डोकलाम भूतान, चीन आणि भारत यांच्या तिठ्यावर आहे, आणि २०१७ मध्ये तिथे भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं ठाकलं होतं ते अनेकांना आठवत असेल. ते पठार ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणाऱ्या सिलिगुडीच्या अरुंद पट्ट्यापासून फार लांब नाही. देणाऱ्याचा स्वार्थ असतो हे उघडपणे मान्य करावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. स्वार्थ असूनही मदत उपयोगी पडू शकते. चुखा तसाच उभा राहिला.

२००७ चा करारही याच संदर्भात बघायला हवा. १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताचा सल्ला मानावा असं कलम होतं. ते २००७ मध्ये काढलं गेलं.

टाटा, अदानी यांचे प्रकल्प हीसुद्धा मदतच का?

नाही, ती गुंतवणूक. पण ती मदतीच्याच वाटेवरून पुढे आली आहे. १२६ मेगावॅटच्या दागाछूमध्ये टाटा पॉवरचा २६ टक्के हिस्सा होता. आता ६०० मेगावॅटच्या खोरलोछूमध्ये (पूर्वीचं नाव खोलोंगछू) टाटांचा ४० टक्के, ५७० मेगावॅटच्या वांगछूमध्ये अदानी समूहाचा ४९ टक्के. दोन्हीकडे मोठा भागीदार भूतानची सरकारी कंपनी ड्रुक ग्रीन. पूर्वी सरकार सरकारला द्यायचं. आता कंपनी कंपनीबरोबर भागीदारी करते, नफा-तोटा वाटून घेते.

चांगली बाजू अशी की निर्णयात भूतानचा हात वर आहे. काळजीची बाजू अशी की खासगी कंपनी तोट्यातला डोंगर वीस वर्षं सांभाळत बसणार नाही. सरकारं ते करतात, पुनात्सांगछू-१ त्याचा पुरावा.

रेल्वे खरंच होणार आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये दोन मार्ग जाहीर झाले. आसाममधल्या कोक्राझारहून गेलेफू, ६९ किलोमीटर. पश्चिम बंगालमधल्या बनारहाटहून समत्से, २० किलोमीटर. खर्च मिळून ४,०३३ कोटी. गेलेफूला भूतान नवं शहर वसवतोय, म्हणून पहिला मार्ग अधिक चर्चेत आहे. ज्या देशात जाण्यासाठी पंतप्रधानांना याकवर बसावं लागलं होतं, त्याची ही पहिली रेल्वे असेल.

भूतान ‘अल्पविकसित’ यादीतून बाहेर पडला. मग मदत थांबायला नको का?

१३ डिसेंबर २०२३ रोजी भूतान संयुक्त राष्ट्रांच्या त्या यादीतून बाहेर पडला. अभिमानाची गोष्ट आहे. पण यादीतून बाहेर पडणं वेगळं आणि गरज संपणं वेगळं. तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात आहेत, डॉक्टर-परिचारिका मिळत नाहीत, डोंगरी रस्ते दर पावसाळ्यात वाहून जातात.

मदत संपण्याची उदाहरणं जगात आहेत. जपानने १९७९ मध्ये चीनला विकास मदत सुरू केली. पुढे चीनची अर्थव्यवस्था जपानला मागे टाकून गेली. नवी कर्जं २००७ च्या सुमारास थांबली, उरलेलं तांत्रिक सहकार्य मार्च २०२२ मध्ये संपलं. भारतानेही एकेकाळी पुष्कळ मदत घेतली आणि २००३ मध्ये ठरवलं की मोजके देश सोडून इतरांकडून आता नको. म्हणजे घेणारा मोठा झाला की तो स्वतःच थांबवू शकतो.

भूतानच्या बाबतीत असं एकदम काही तुटेल असं वाटत नाही. तेरावी योजना २०२९ पर्यंत आहे. रूप बदलत राहील: रस्त्याच्या जागी रेल्वे, अनुदानाऐवजी सवलतीचं कर्ज. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऊर्जा प्रकल्पांसाठी ४,००० कोटींची पतमर्यादा जाहीर झाली, ती याच दिशेने.

पुढच्या काही वर्षांत कशाकडे लक्ष ठेवावं?

पुनात्सांगछू-१ कडे. धरणाचं काम पुन्हा सुरू करण्यावर दोन्ही देशांचं नोव्हेंबर २०२५ मध्ये एकमत झालं. आता तिथले अभियंते डोंगराशी झगडतील आणि अधिकारी आकड्यांशी: जी वर्षं काम थांबलं त्यांचं व्याज कोणाच्या माथी, वाढलेल्या खर्चातलं अनुदान किती, आणि त्या विजेचा दर किती लागणार. डोंगर खचला यात भूतानचा दोष नाही, भारताचाही नाही. जागा दोघांनी मिळून निवडली होती. थांबलेल्या वर्षांचं व्याज भारताने माफ करावं, असं मला मनापासून वाटतं.